सीलबंद बाटलीतल्या एकशे अठ्ठेचाळीस सुया

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भाजी निवडायला घ्यायचे... इतका माझा या विषयावर विश्वास! नागापूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. एक बोल्ट कमी भरला तरी सापडेपर्यंत जागची हलत नाही. त्यामुळे घडलेलं सगळं आधी तपासलंय, मगच लिहितेय.

आम्ही सावेडीत राहतो. सासूबाईंना रोज दोनदा इन्सुलिन असतं. वापरलेली सुई मी कपडे धुण्याच्या लिक्विडच्या जाड निळ्या बाटलीत टाकायचे आणि कॅलेंडरवर खूण करायचे. कारण घंटागाडीवरची मंगल. मागे कुणाच्या तरी कचऱ्यातली सुई तिच्या तळव्यात घुसली आणि बिचारी कित्येक महिने रक्त तपासत फिरली. "आमच्या घरातली सुई तुला कधी टोचणार नाही," असा शब्द मी तिला दिला होता.

कॅलेंडरवर एकशे अठ्ठेचाळीस खुणा झाल्या आणि बाटली भरली. झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर माझी सही. पण द्यायची कुठे? मेडिकलवाला म्हणाला, "मॅडम, आम्ही विकतो, परत घेत नाही." एका दवाखान्याने दुसरीकडे धाडलं, दुसऱ्याने "साहेब आल्यावर या" म्हणत तीन चकरा मारायला लावल्या. शेवटी ओळखीच्या एका डॉक्टरांनी होकार दिला.

शनिवारी सकाळी आम्ही स्कूटरवर निघालो. बाटली माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला आतून खुळखुळ... हेसुद्धा वैतागले, "अगं घट्ट धर, काय खुळखुळा लावलाय!"

दवाखान्यातल्या मावशींनी पट्टी काढली – सही जशीच्या तशी होती – आणि सुयांच्या पांढऱ्या डब्यावर बाटली उलटी केली.

काहीच पडलं नाही.

"बाई, ही तर रिकामी हाय! चेष्टा करायला आलता व्हय?"

घरी येऊन बाटलीत पाणी भरलं. एक थेंब गळला नाही. पिशवी, स्कूटरची डिकी, कपाटं, सासूबाईंची गादी... सगळं उचकून पाहिलं. हे म्हणतात, "ब्याद गेली ना, झालं तर!" अहो, पण गेली कुठे?

रोज सकाळी मी मंगलचे हात बघायला लागले. ती हसायची, "ताई, हातात काय लिवलंय ते तरी सांगा!" शेवटी राहवेना, सगळं खरं सांगितलं. तिचं हसू गेलं. कचऱ्याची बादली घ्यायला पुढे केलेला हात तिने मागे घेतला.

"ताई... तुमीच टाका वर गाडीत. मी न्हाई हात लावायची."

दोन महिने झाले, कशाचाच उलगडा नाही. मला भुताची भीती वाटत नाही, चीड येते. अख्ख्या गल्लीत सुया मोजणारं आमचं एकच घर – आणि मंगल भिते ती फक्त आमच्या बादलीला.