किल्ली कोणाकडं ठेवायची?

मंडळी, पोरींच्या शाळेसाठी आमचं बिऱ्हाड सोनपेठहून परभणीला हलवायचंय. आज शहराबाहेरच्या वसाहतींत घरं पाहिली. एक अगदी मंदिराला लागून. माझं मन तिथंच बसलं.

धाकटी म्हणाली, "बाबा, आमी शाळेतून येऊ तवा तुमी दोघं कामावर. किल्ली कोणाकडं ठेवायची?"

शेजारी विचारलं. "आमी कोणाची किल्ली ठेवत न्हाई," म्हणत त्यांनी फाटक लावलं.

दुसरं घर कच्च्या रस्त्यावर. शेजारच्या काकू कुरडया वाळत घालत होत्या. त्यांना विचारलं, तर हसल्या. "किल्ली कशाला? पोरींनाच ठेवा की माझ्याकडं!"

तेच घर ठरवलं. मंदिर लांब पडेल, पण देव माझ्यासाठी थांबेल. पोरी बंद दारापाशी थांबायला नकोत.

तुमची किल्ली कोणाकडं असते?