येऊ दे, येऊ दे, बास

आमच्या ह्यांनी मला कधी सुखाने गाडी चालवू दिली नाही. मी पन्नाशीत शिकले, आणि पहिल्या दिवसापासून शेजारच्या सीटवर तोंडाचा पट्टा सुरू. आरशात बघ. क्लचवरचा पाय काढ. तो रिक्षावाला वळणार आहे. अहो, रिक्षावाल्याला स्वतःला ते माहीत नाही, मला कुठून असणार? मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. खडकीहून वाघोलीला लेकीकडे पोचेपर्यंत आमची दोन भांडणं आणि एक तह व्हायचा. लेक दार उघडतानाच विचारायची, आज कोण जिंकलं?

मग एका सकाळी चहा पिता पिता ह्यांना आकडी आली. कप फुटला, मी किंचाळले, शेजारी धावले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आयुष्यभर कारखान्यात नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी आम्हाला घाटाघाटांतून फिरवलं, ताम्हिणीचं वळण न वळण पाठ, अशा माणसाने ते मान खाली घालून ऐकलं. घरी आल्यावर किल्ली माझ्या पर्सशेजारी ठेवली आणि आत जाऊन झोपले.

त्यानंतर गाडीत हूं नाही की चूं नाही. मी एकदा मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये विद्यापीठापर्यंत नेली. इंजिन रडत होतं, हे खिडकीतून बाहेर बघत होते. एकदा लेकीने विचारलं, बाबा, कसे आलात? तर म्हणाले, "मी आता सामान. ठेवाल तिथे बसतो."

डॉक्टर म्हणत होते, तब्येत उत्तम आहे. असेलही. पण माणूस आतून मिटत चालला होता, आणि ते रिपोर्टमध्ये दिसत नाही. मला माझा खेकसणारा नवरा परत हवा होता. बाकी काही नको.

निवृत्तीनंतर न्यूझीलंडला जायचं, तिथे गाडी भाड्याने घ्यायची आणि डोंगर-तळी बघत स्वतः चालवत फिरायचं, हा ह्यांचा फार जुना बेत. मी जाहीर केलं की जायचं, आणि गाडी मी चालवणार. सगळे हसले. जाऊबाई म्हणाल्या, टूरबरोबर जा, रोज वरणभात मिळतो. लेक म्हणाली, आई, तुला लक्ष्मी रोडला गाडी लावता येत नाही. मी म्हटलं, लक्ष्मी रोडला कोणालाच येत नाही. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला. हे म्हणाले, बघ बाई. तेवढाच होकार.

तिथे विमानतळावर गाडीच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं की आणखी कोणी चालवणार आहे का. मी उत्तर जुळवतच होते, तोवर हेच म्हणाले, नाही, फक्त ही. आणि दोन्ही बॅगा उचलून चालायला लागले. त्या वेळी ह्यांच्या पाठीकडे मला बघवेना.

रस्ता आपल्यासारखाच डाव्या बाजूने, ती एक सोय. पण आमच्या गाडीत इंडिकेटर उजव्या हाताला, त्या भाड्याच्या युरोपियन गाडीत डाव्या. त्यामुळे प्रत्येक वळणावर मी वायपर लावत होते. लख्ख ऊन, आणि माझे वायपर फटाफट काच पुसतायत. पुण्यात एवढ्यावर ह्यांनी आठवडाभर माझी टर उडवली असती. इथे शांतता. बर्फाचे डोंगर आले, मेंढ्यांनी भरलेली कुरणं आली, एक तळं तर इतकं निळं की मी बोटाने दाखवून म्हटलं, अहो, बघा तरी. हे म्हणाले, हं. एवढ्या तळ्याला नुसतं हं! मला त्या तळ्याचाच राग आला. रात्री मुक्कामाच्या खोलीत मुगाची खिचडी लावली, तीही चूपचाप खाल्ली. मीठ कमी होतं, मला कळलं, ह्यांना कळलं असणारच. मनात म्हटलं, बाई, एवढ्या लांब येऊन काय मिळवलंस?

परतीच्या आदल्या दिवशी डोंगराच्या कडेने जाणारा एक खडीचा रस्ता लागला. रात्री पाऊस पडून गेला होता, सगळा चिखल. एका वळणापलीकडून पलंग-चुलीसकट घराएवढी कॅम्परव्हॅन समोर आली. तिच्या मागे आणखी एक गाडी, म्हणजे तिला मागे जाता येईना. बाजूला घ्यायला जागा होती ती आमच्याच मागे, आधीच्या वळणाआड, आम्ही आत्ताच ओलांडलेली. मी रिव्हर्स टाकला. मागचा कॅमेरा चिखलाने माखलेला, पडद्यावर नुसता तपकिरी रंग. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला उतार, खाली नदी.

"अहो, मला नाही जमणार हे," मी म्हटलं.

पट्टा सुटल्याचा आवाज आला. हे खाली उतरले, गाडीला वळसा घालून मागे गेले. आधी समोरच्या व्हॅनला हात दाखवला, थांब म्हणून, अगदी चौकातल्या हवालदारासारखा. मग मला आरशात ह्यांची टोपी दिसली आणि हलणारा हात.

येऊ दे. येऊ दे. उजवीकडे घे. अगं उजवीकडे, जेवतेस तो हात! सरळ कर. येऊ दे, येऊ दे. त्या अनोळखी दरीत तो खडकीचा आवाज घुमत होता आणि मी कॅमेरा, नदी, उतार सगळं विसरून नुसती त्या आवाजाच्या मागे मागे जात होते. मग डिकीवर दोन थापा पडल्या. बास.

व्हॅन हळूच निघून गेली. तिच्यातल्या म्हाताऱ्याने ह्यांना सलाम ठोकला. हे येऊन बसले, पट्टा लावला, आणि सुरू झाले. कॅमेऱ्याच्या भरवशावर कोणी गाडी चालवतं का? आरसे काय केस विंचरायला दिलेत? आणि गेले कितीतरी दिवस बघतोय, वळायचं असलं की इंडिकेटर द्यायचा असतो, वायपर नाही. कालच्या खिचडीत मीठ नव्हतं, ते आणखी वेगळं.

मी निघालेली गाडी परत कडेला घेऊन थांबवली, कारण मला रस्ता दिसेना.

"रडतेस काय? खोटं बोललो का मी?"

"नाही हो. बोला तुम्ही. थांबू नका."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय समजायचं ते समजले असावेत, कारण रुमाल काढून दिला आणि लगेच म्हणाले, हँडब्रेक लाव आधी, उतार आहे.

आता पुण्यात सगळं पूर्वीसारखं आहे, म्हणजे भांडणांसकट. आमच्या सोसायटीत आमची जागा नेमकी खांबाशेजारी. गेटातून आत आलं की हे उतरतात, मदतीला आलेल्या वॉचमनला हाताने बाजूला करतात आणि मागे उभे राहतात. येऊ दे, येऊ दे. मग दोन थापा.

माझ्या वाढदिवसाला लेक म्हणाली, आई, तुमच्या गाडीला मागचा कॅमेरा बसवून देते. मी म्हटलं, काही नको, पैसे वर आलेत का तुझे? हे पेपरमागे होते, पण पेपर हलायचा थांबला होता.

ह्यांना डुलकी लागली की मी कधी कधी एकटी भाजीला जाते. परत येऊन त्या खांबाशेजारी गाडी एका झटक्यात लावते, सरळ, कुठे न घासता. वॉचमनने पाहिलंय. त्याला मी सांगून ठेवलंय, साहेबांपाशी बोलायचं नाही.