ओंजळीपुरता हात

बबनआण्णा दवाखान्यात आले की डाव्या हाताने उजवा हात उचलून माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हे आमचं हट्टी लेकरू. बगा, तुमचं तरी ऐकतंय का." अर्धांगवायूनंतर त्यांची उजवी मूठ अशी आवळली होती की नखं तळव्यात रुतायची. त्यांच्या पत्नी पारूबाई रोज कोमट पाण्यात एकेक बोट सोडवून तळवा पुसायच्या.

आण्णा चाकणजवळच्या एका खेड्यातले. बरीचशी जमीन कंपन्यांच्या शेडखाली गेली होती, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख पाणाड्या म्हणून. तळहातावर नारळ ठेवून ते रानातून चालायचे आणि नारळ उभा राहील तिथे लोक विहीर खणायचे. माझा यावर काडीचा विश्वास नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. "नसू द्या," ते म्हणाले. "पानी लागलं की पिऊन बगा म्हंजे झालं."

हाताच्या आत स्नायू थराथरांनी असतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, बोटं आवळून धरणाऱ्या थरात नेमकी सुई न्यायची आणि तो सैल करणारं औषध सोडायचं, हे माझं काम. पहिल्या वेळी मला वाटलं, आण्णा तोंड फिरवतील. ते टक लावून बघत राहिले. "ही माती, हा मुरूम, हा खालचा काळा खडक." पांढऱ्या रेघेसारखी सुई आत उतरली तसे खुदकन हसले. "म्हंजे तुमी बी पाणाडीच की, मॅडम! फकस्त तुमाला दिसतंय, आमी अंदाजानं चालायचो."

तळवा स्वच्छ राहावा, जखम होऊ नये, एवढंच माझं उद्दिष्ट होतं. त्यांना हवी होती ओंजळ. एकुलत्या एका लेकीचं, शीतलचं, लग्न ठरलं होतं. पारूबाईंकडे बोट दाखवून ते म्हणाले, "कन्यादानाला मंडळी पान्याची धार धरनार, मी ओंजळ. येवढं करून द्या. मग पुन्हा आखडू द्या खुशाल." औषधाचा गुण पंधरा दिवसांत दिसतो आणि तीनेक महिन्यांत ओसरतो, हे कळल्यावर या गृहस्थांनी गुरुजींनी काढलेल्या सगळ्या तिथी माझ्यापुढे मांडल्या. "तुमीच धरा मुहूर्त." मीही मान डोलावून एक तारीख धरली. माझ्या हातून निघालेला तो एकमेव मुहूर्त.

इंजेक्शनं दिली, व्यायाम सुरू झाले, बोटं हळूहळू सैल पडली. घरी पारूबाई तांब्या घेऊन तालीम घ्यायच्या. "ती वतती, मी सांडतो," आण्णा सांगायचे. "लई बोलनी खातो." पण बोलताना चेहरा असा फुललेला असायचा की मलाही हसू यायचं.

लग्नाला तीनेक आठवडे उरले असताना पारूबाई चुलीपाशीच कोसळल्या आणि गेल्या. सुतक फिटल्यावर भावकी बसली. वर्षाच्या आत कार्य उरकावं असं ठरलं आणि तारीख तीच राहिली. कन्यादानाला मात्र जोडपं लागतं, म्हणून धाकटा भाऊ आणि भावजय बसणार होते. "रीतच हाय तशी," आण्णा फोनवर म्हणाले. मला त्या रीतीचा भयंकर राग आला. त्यांच्या आवाजात रागही नव्हता.

लग्नाच्या दिवशी चिखलीच्या मंगल कार्यालयात मी त्यांच्या बाजूच्याच खुर्चीवर होते. स्टेजवर शीतलच्या चुलतीने झारी कलती केली, चुलत्याने ओंजळ पुढे केली. इकडे आण्णांनी उजवा हात उचलून मांडीवर घेतला, एकेक बोट सरळ केलं आणि दोन्ही तळवे जुळवले. ओंजळ अगदी पक्की झाली होती, थेंब गळला नसता. तिकडची धार थांबेपर्यंत त्यांनी ती तशीच धरून ठेवली. मी पदर तोंडाशी धरून रडले.

औषधाचा गुण ओसरायची वेळ झाली तरी ते आले नाहीत, तेव्हा मीच फोन केला. म्हटलं, "आण्णा, मूठ परत मिटेल. या, पुढचं इंजेक्शन घेऊ."

"तुमी उघडून द्याल, मॅडम," ते म्हणाले. "पर आता धार धरायला कोन हाय?"