पितळी कड्याची खरखर

भूतबित मी मानत न्हाई. बायको गेली तवा पिंडाला लगेच कावळा शिवला. लोक म्हणाले, सुटली. मी म्हणलं, कावळा भुकेला होता. असला माणूस मी. चौथी शिकलोय, लिहिण्यात चुकलं तर समजून घ्या.

साल ऐंशी. मोशीला राहायचो, भोसरीत लेथवर कामाला. पुण्याचे एक सायेब पितळी कडं करून घ्यायला आले. त्यात काच बसवून दुर्बिणीला लावायचं. क्वासार म्हणून लई लांबचा उजेडाचा ठिपका असतो म्हणे. कडं थोडं थोडं फिरवायचं अन् दर वेळी उजेड किती येतो ते मोजायचं — मंग त्या उजेडाची थरथर कुठल्या अंगाला जास्त हाय, ते कळतं.

पण कडं एका जागी अडकायचं. तीनदा घासलं, तरी नेमकी जागा घावंना.

सायेब म्हणाले, "मामा, अडकलं तर माप गेलं. दुर्बिणीवर वर्षातून एकदाच पाळी मिळते. उद्या निघायचंय."

आता शेडमधी कुणाला ठावं नव्हतं ते सांगतो. माझ्या कामाची सफाई लोक वाखाणायचे... ती माझी नव्हतीच. गरम चिपा अन् तेलानं माझी बोटं कवाच बधिर झालेली. मी काम घरी न्यायचो. बायको दारात बसून त्यावर अंगठा फिरवायची. "अवो कारागीर, हितं खरखर हाय. कळंना व्हय?" ती दाखवायची, मी कानस मारायचो. तिला जाऊन तीन महिने झालेले.

दुपारी कडं घेऊन घरी आलो. तिच्या जागी बसलो. अंगठा फिरवला... अन् लागलं! केसाएवढं. पुन्हा फिरवला, तिथंच. पितळ गार लागलं — किती वर्सांनी. रडलो राव. मंग बारीक कानस मारली.

शेडमधी परत नेलं, सायबांनी कडं फिरवलं. कुठं अडकलं न्हाई. खूश होऊन त्यांनी वही काढली.

"मामा, कडं कुणी केलं ते लिहून ठेवतो. नाव सांगा."

"सुमन."

"हे तर बाईचं नाव!"

"व्हय. सफाई तिची."

त्याच संध्याकाळी चुलीवर तोच अंगठा भाजला. फोड आला तरी मला पत्ता न्हाई. दाक्तर म्हणाला, शिरा मेल्यात, परत जित्या व्हत न्हाईत.

मंग दुपारी ती खरखर लागली कुणाला? दोन वर्सं झाली... अजून मला ठावं न्हाई.