पोरीच्या बोटीचा वाटा

आमच्या दातिवऱ्यात बोट आली की शेजारच्या चार घरी मासळीचा वाटा जातो. मी संशोधनाच्या जहाजावरच्या पहिल्या सफरीहून परतले ती हात हलवत. शेजारची काकी ताट घेऊन आली आणि तसंच रिकामं घेऊन गेली. जाताना म्हणालीच, "दोन मयने दर्यात, नि एक बोंबील नाय?" बाबांच्या जिवाला ते फार लागलं. आठवडाभर ते ओट्यावर बसले नाहीत.

माझं काम त्यांना हजारदा समजावून झालं होतं. भर समुद्रात, तळाशी ज्वालामुखींची लांबलचक डोंगररांग आहे. तिथे तळ दोन्हीकडे ताणला जातो, फाटतो, फटीतून लाव्हा वर येऊन गोठतो. जहाजावरून आम्ही खाली आवाज सोडतो, परत येईल तो टिपतो आणि त्यावरून नकाशा काढतो.

"किती सरकतो तळ?" बाबांनी विचारलं.

"वर्षाला नखं वाढतात तेवढा."

"मग दोन मयने बसून बघितलंस काय, डोंबल?"

दुसऱ्या सफरीहून आले तेव्हा बाबा पालघर स्टेशनवर हजर. म्हणाले, "आदी बोईसरला जाऊन येऊ." का, ते सांगेनात. बोईसरला त्यांना कुणी ओळखत नाही. तिथे उतरले आणि तडक मासळीबाजारात शिरले. जन्मभर बोट चालवलेला, मासळी कधी विकत न घेतलेला हा माणूस तोंडाला रुमाल बांधून पापलेटांचे कल्ले उचलून बघत बसला. विकणारा वैतागला.

"चाचा, मछली की पहचान भी है?"

मी सामानासकट हसत सुटले. बाबांनी रुमाल आणखी वर ओढला.

घरी येताच चार ताटं भरली. "पोरीच्या बोटीचा वाटा हाय," असं सांगत स्वतः दारोदार फिरले. मी मागे, लाजेनं अर्धी.

काकीनं पापलेट दाबून बघितलं, कल्ला उचलला. उभा जन्म मासळी विकण्यात गेलेली बाई, ती काय फसणार!

"बरफातला हाय," ती म्हणाली.

"दोन मयने दर्यात होती पोर," बाबा ताठ मानेनं म्हणाले, "बरफ नाय घालनार तर काय?"

काकीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग ताट घेतलं. "पुढच्या वेळेला घोळ मासा आन गो."

बाबा संध्याकाळी ओट्यावर बसले, चांगले पाय पसरून.