म्हशीचा नंबर

आमच्या घरात इंटरनेटबद्दल प्रत्येकाला अक्कल होती, फक्त इंटरनेट नव्हतं. दुपारची जेवणं उरकून मी लॅपटॉप उघडावा, पुण्याच्या कंपनीतल्या वरिष्ठ बाईंनी ‘ऐकू येतंय का?’ म्हणावं आणि लॅपटॉप मुका व्हावा. कोपऱ्यात सूचना यायची, तुमचा आयपी पत्ता दुसरं कुणीतरी वापरतंय. त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना घरून उत्तरं द्यायची, हे माझं काम. मी नवी होते. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे महिनाअखेरच्या बैठकीत ठरणार होतं.

नवऱ्याचा उपाय एकच, राऊटर बंद करून चालू कर. तो पतसंस्थेत साहेब आहे, तिथं बंद-चालू करायला शिपाई असतो. दिरांनी राऊटर उचलून देव्हाऱ्याच्या वर नेऊन ठेवला, उंचावरून नेट चांगलं पसरतं म्हणे. पसरला फक्त उदबत्तीचा धूर. हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, ‘आपली गैरसोय मी समजू शकते.’ हे वाक्य मी स्वतः दिवसभर लिहिते आणि मला कुणाचीही गैरसोय समजत नाही.

शेवटी मीच वाचत बसले. राऊटर घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला एकेक नंबर वाटतो, तोच त्याचा पत्ता. एकाच नंबरावर दोघं आले की एकाला बाहेर काढतात. बाहेर मी निघत होते, हे उघड होतं. आत कोण बसलं होतं, ते शोधायचं होतं.

बैठकीच्या आदल्या दुपारी लॅपटॉप पुन्हा मुका झाला. मी तो सरळ बंद केला आणि त्याचाच नंबर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकला. बंद लॅपटॉपच्या नंबरावर कुणीतरी जागं होतं. पासवर्ड विचारणारं पान उघडलं, वर कॅमेऱ्याचं चित्र.

आमच्याकडं कॅमेरा एकच, गोठ्यातला. गोठा घराला लागून आहे, मान वळवली की म्हैस दिसते. पण गल्लीत दोघांनी बसवला म्हणून नवऱ्यानेही बसवून घेतला. सासरे वीज वाचवायला तो सकाळी बंद ठेवत आणि जेवल्यावर चालू करून, बाहेरच्या सोप्यात लवंडून मोबाइलवर तिचं रवंथ बघत बसत.

कॅमेरा बसवणाऱ्याला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “वहिनी, मी समद्यास्नी त्योच नंबर घालतोय, ध्यानात ऱ्हातोय की. तुमच्यात त्यो लॅपटॉपला हुता. म्हणून सायबास्नी इचारलंतं, ह्येच्यावर कुणाचं काम हाय काय? ते म्हणले, न्हाय, घाल बिनधास्त.”

तोंडाशी आलेली शिवी कुणाला द्यावी ते कळेना. नवऱ्याने मुद्दाम केलं नव्हतं, हे मला माहीत आहे. तेच जास्त झोंबलं. मुद्दाम करायला आधी माझं काम आठवावं लागलं असतं.

कॅमेऱ्याचा पासवर्ड एक ते सहा आकडे, म्हणजे चोरालाही पाठ. आत शिरून मी त्याला राऊटर ज्यातून नंबर वाटतो त्या घोळक्याच्या बाहेरचा नंबर दिला. सासऱ्यांच्या मोबाइलवरही तो बदलला, नाहीतर घरात सुतक आलं असतं.

“म्हस दिसतीया न्हवं?” त्यांनी विचारलं.

“दिसतीया, मामा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक चांगली तासभर चालली, आवाज एकदाही तुटला नाही. शेवटी बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून तुम्ही कायम. मी दार लावून घेतलं आणि एकटीच हसले.

बैठक आज आहे, हे नवऱ्याला सकाळी डबा देताना सांगितलं होतं. संध्याकाळी तो आला, मी चहा दिला आणि तो विचारेल म्हणून समोर उभी राहिले. त्याने चहा संपवला, कप माझ्या हातात दिला आणि सोप्याकडं तोंड करून सासऱ्यांना विचारलं, “आण्णा, आज म्हस नीट दिसली का?”