प्रशांतची लीडरकी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगून तरी काय? ती म्हणेल, मोबाइलमधल्या खेळाचं एवढं काय घेऊन बसलात. तुम्हीही म्हणाल कदाचित. म्हणा. आता लपवून ठेवायचाही कंटाळा आला आहे.

अहेरीच्या बाजारात मी मोहफूल, डिंक, हिरडा घेतो. सायकलला पोतं बांधून सुरुवात केली, आज स्वतःचं गोदाम आहे. कुणी दिलेलं नाही. समोरचा कुठल्या भावावर थांबणार हे त्याच्या तोंडावरून ओळखतो — आणि चिडलो तर अख्खा बाजार ऐकतो, हेही खरं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर खेळायचो. आपलं गाव वसवायचं, दुसऱ्यांची लुटायची, असा तो खेळ. त्यातली आमची टोळी — क्लॅन म्हणतात — मीच उभी केली. चंद्रपूरपासून सिरोंचापर्यंतची माणसं, आणि लीडर मी.

प्रशांत गोंडपिपरीचा. झेरॉक्सचं दुकान चालवायचा. त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला, तेव्हा या मंडळींनी जे केलं ते सख्ख्यांनी केलं नसतं. कधी एकमेकांची तोंडं न पाहिलेली माणसं नागपूरला जाऊन त्याला रक्त देऊन आली. एकाने मार्कंड्याच्या देवळातला अंगारा पाठवला. औषधांनी त्याची बोटं बधिर व्हायची, खेळता यायचं नाही. तेव्हा त्याने आपल्या खात्याचा पासवर्ड मला दिला. ‘भाऊ, माह्यं गाव पडू देऊ नोका.’ मी त्याचे हल्ले खेळायचो. ते मनापासून केलं. तेवढं तरी माझ्या बाजूने — नको, राहू द्या.

मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ग्रुपवर सगळे म्हणाले, आहे तोवर लीडर प्रशांतलाच करू. मी लगेच हो म्हटलं. भाऊचं मन किती मोठं, असं एकामागून एक लिहीत गेले. मन? पासवर्ड माझ्याजवळ होता. दिलेलं केव्हाही परत घेता येणार होतं. अशा देण्यात मी कशाला घासाघीस करू?

लीडर झाल्यावर प्रशांतने एकच गोष्ट केली. व्यंकटीला परत आत घेतलं.

व्यंकटी सिरोंचाचा. त्याला खेळ मी शिकवला, आणि ऐन लढाईच्या दिवशी तो अर्धी टोळी घेऊन निघून गेला. जाताना सगळ्यांसमोर लिहून गेला, ‘हा भाऊ नाई, दलाल आहे.’ तो राग आजही तसाच आहे, खोटं कशाला सांगू? पण प्रशांतशी त्याची दोस्ती होती. आत येताच त्याने लिहिलं, ‘प्रशांत, फक्त तुह्यासाठी आलो.’ मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी उभ्या केलेल्या क्लॅनमध्ये — मला.

तेव्हा मी बाजारात वजनकाट्यावर बसलो होतो. एक बाई मोहाचं टोपलं घेऊन समोर उभी होती. तिला थांब म्हटलं. प्रशांतच्या खात्यातून आत शिरलो, व्यंकटीला बाहेर काढलं आणि लीडरकी स्वतःकडे घेतली. मग बाईचा मोह तोलला.

खेळात नाव दिसतं ते ज्याचं खातं त्याचं. सगळ्यांनी वाचलं, प्रशांतने व्यंकटीला हाकललं. व्यंकटीनेही तेच वाचलं.

प्रशांतला कळलं नसेल? पासवर्ड दुसऱ्या कुणाजवळच नव्हता. संध्याकाळी ग्रुपवर त्याचा आवाज आला. दम लागत होता. ‘लीडरकी झेपून नाई राह्यली मले. भाऊलेच शोभते.’ एवढंच. मी त्याच्या फोनची वाट पाहिली, शिव्यांची पाहिली. शिव्या दिल्या असत्या तर भांडलो असतो — ते मला येतं. फोन आलाच नाही.

प्रशांत गेला. त्या दिवशी क्लॅनमधल्या कुणीच कुणाच्या गावावर चाल केली नाही. गोंडपिपरीला मौतीला लांबलांबून माणसं आली. व्यंकटी नव्हता.

काही महिन्यांनी तो अहेरीच्या बाजारात माझ्या काट्याजवळ येऊन उभा राहिला. मला वाटलं, भांडायला आला. मी तयारच होतो. तो म्हणाला, ‘भाऊ, तुमी जवळचे होते त्याच्या. बलावून काऊन हाकललं त्यानं मले? मी रागात त्याचे फोनच नाई उचलले.’

फोन. म्हणजे मरता मरता प्रशांत त्याला गाठायला पाहत होता. काय सांगणार होता, ते आता कोण सांगणार? मी सांगू शकत होतो, तिथेच, उभ्या उभ्या. एका वाक्याचं काम होतं. आणि मी काय म्हटलं?

‘बिमारीत मानसाचं डोकं ठिकानावर नाई राहात, व्यंकटी. मनावर नोको घेऊ.’

वर त्याला चहा पाजला. तो ‘बराबर आहे’ म्हणाला आणि गेला.

क्लॅन अजून आहे. लीडर मीच. नवीन येणाऱ्यांना जुने सांगतात, भाऊने मरणाऱ्या माणसाला आपली जागा दिली होती. मी वाचतो. व्यंकटीचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे.

प्रशांतचं डोकं ठिकाणावर होतं. शेवटपर्यंत.